लेकीच्या वाट्याची लुगडी

पाऊस सरतो, हवेतला ओलावा जातो आणि दसरा-दिवाळीच्या आसपास घरोघरची कपाटं उघडतात. भरजरी साड्या बाहेर निघतात, सावलीत पसरल्या जातात, जुन्या घड्या मोडून नव्या जागी घातल्या जातात. यामागं पक्कं कारण आहे. रेशीम वर्षानुवर्षं एकाच रेषेवर दुमडलेलं राहिलं की नेमकं तिथंच चिरतं, जरीची तारही तिथंच तुटते. म्हणून घडी बदलायची. उन्हात टाकायची नाही, रंग उडतो. डांबराच्या गोळ्या जरीला टेकू द्यायच्या नाहीत, ती काळवंडते. त्यापेक्षा वेखंडाची पुरचुंडी बरी. साडी धुवट मऊ सुती कापडात गुंडाळायची, प्लॅस्टिकच्या पिशवीत कधीच नाही. आई हे सांगत असते आणि मुलगी घडीची दुसरी दोन टोकं धरून उभी असते. एवढ्या लांबीच्या साडीची नेटकी घडी एकटीनं होत नाही, दोघी लागतातच.

त्या अर्ध्या दिवसात घराचा इतिहास बाहेर पडतो. ही तुझ्या बारशाची. ही बाबांच्या पहिल्या बोनसची. ही मावशीनं हट्टानं घ्यायला लावली, मला रंग आवडला नव्हता, पण नंतर हीच सगळ्यात जास्त नेसले. आईला सन आठवत नाही, पण त्या दिवशी कोण कोणत्या साडीत होतं ते अचूक आठवतं. मराठी घरांतल्या बहुतेक बायकांनी रोजनिशी लिहिली नाही, जमाखर्चाची वही त्यांच्या हाती नव्हती, फोटोतही त्या बहुधा मागच्या रांगेत. त्यांची नोंद राहिली ती कपाटात. म्हणून साड्यांच्या गप्पा म्हणजे बायकांचा वेळ घालवायचा उद्योग, असं समजणं चूक आहे.

साडीच का, हा प्रश्न विचारून पाहण्यासारखा आहे. आईकडून मुलीकडे जाण्यासारखं दुसरं काय होतं? घर, शेत, वाडा हे सगळं मुलग्यांचं. लेकीच्या वाट्याला यायचं ते स्त्रीधन: दागिने, भांडी आणि लुगडी. कल्याणीच्या चालुक्यांच्या काळात विज्ञानेश्वरानं लिहिलेल्या ‘मिताक्षरा’ या टीकेत स्त्रीधनाच्या वारसाचा क्रम दिलेला आहे. आईच्या स्त्रीधनावर पहिला हक्क मुलींचा. त्यातही आधी अविवाहित मुलीचा, मग लग्न झालेल्या पण परिस्थितीनं गरीब असलेल्या मुलीचा आणि त्यानंतर सुस्थितीतल्या मुलीचा. मुलगे त्यांच्या मागे. जमिनीच्या बाबतीत ज्या समाजानं मुलीला शेवटी ठेवलं, त्याच समाजात आईच्या पेटीपुरती ती पहिली होती.

कायदा पुढे बदलत गेला. १९५६च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानं मुलीला बापाच्या मिळकतीत वारस केलं. वडिलोपार्जित एकत्र मिळकतीतला जन्मसिद्ध हक्क महाराष्ट्रानं १९९४मध्ये आणि केंद्रानं २००५मध्ये दिला. हुंड्याच्या वादांत सासरकडून अडवून ठेवले जाणारे कपडेलत्ते ही बाईची स्वतःची मालमत्ता आहे, हे सर्वोच्च न्यायालयानं १९८५मध्ये प्रतिभा राणी खटल्यात स्पष्ट केलं. मात्र आईच्या साड्या लेकींनी वाटून घ्यायच्या ही रीत कुठल्या कायद्याच्या आधारानं चालत आली नाही आणि कायदा बदलल्यानं थांबलीही नाही. आज मुलीच्या नावावर फ्लॅट असतो, तरी आई गेल्यावर तिच्या साड्यांपुढं बसलेल्या बहिणींमध्ये जो अबोला किंवा जी माया दिसते, ती फ्लॅटच्या कागदपत्रांवरून दिसत नाही.

या देण्याघेण्याची सुरुवात मूल जन्मायच्या आधीपासूनच होते. डोहाळजेवणाला हिरवी साडी. बाळंतपणानंतर माहेरचा बाळंतविडा, त्यात लेकीला साडी आणि बाळाला झबली-टोपरी, दुपटी, कुंची. दुपटं शिवायचं तर आजीच्या वापरून वापरून मऊ झालेल्या सुती लुगड्याचंच, कारण नव्या कापडाची खळ बाळाच्या कातडीला बोचते. कुंची मात्र खणाची किंवा रेशमाची. मुलगी चालायला लागली की आईच्या साडीचे काठ लावून परकर-पोलकं. लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला काळी चंद्रकळा आणि हलव्याचे दागिने. एरवी मंगलकार्यात बाजूला ठेवलेला काळा रंग थंडीतल्या या सणाला मानानं नेसला जातो, याचं लहान मुलींना फार अप्रूप असतं. शिवाय माहेरहून निघताना खणा-नारळानं ओटी भरायची ती दर खेपेला. लग्नात वरपक्षाकडून वधूच्या आईला खास साडी देण्याची रीतही जुनी आहे. मुलीला पोटात वाढवलं, त्याचा तो मान.

या रीतींची दुसरी बाजूही सांगायलाच हवी. ओटी भरायचा मान सवाष्णीचा. नवरा गेला की आईच्या अंगावरचे रंग उतरायचे, आणि स्वतःच्याच लेकीची ओटी भरायला ती पुढं यायची नाही. काकू किंवा मामी भरायची, आई दाराआडून बघायची. जुन्या काळी केशवपन केलेल्या बाईला आलवणाखेरीज काही नेसायची मुभा नव्हती, चोळीसुद्धा नाही. तिच्या पेटीतली रंगीत लुगडी लेकींकडे जायची, पण तो वारसा आनंदाचा नसायचा. २०२२च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात हेरवाडच्या ग्रामसभेनं विधवा प्रथांवर बंदीचा ठराव केला आणि राज्य सरकारनं परिपत्रक काढून इतर गावांना तो कित्ता गिरवायला सांगितलं. ठरावानं सगळं एका रात्रीत बदलत नाही. पण अलीकडे लेकी स्वतःच हट्ट धरू लागल्या आहेत की माझी ओटी आईच भरेल, आणि ती हिरवी साडी नेसूनच भरेल. असा हट्ट धरणाऱ्या प्रत्येक मुलीचं मनापासून कौतुक करायला हवं.

देशात काही ठिकाणी मायलेकींचं हे कापडाचं नातं घालण्या-नेसण्याच्याही आधी, सुईदोऱ्यापासून सुरू होतं. पंजाबात नात जन्मली की तिची आजी, आईची आई, ‘चोप’ भरायला घ्यायची. जाड्याभरड्या खद्दरवर रेशमाच्या धाग्यानं केलेलं हे फुलकारीचं काम दोन्ही बाजूंनी सारखं दिसतं. लग्नाच्या न्हाणानंतर तीच चोप नवरीच्या अंगाभोवती गुंडाळायची. कच्छच्या ढेबरिया रबारी समाजात आई मुलीला आरसेकाम शिकवायची आणि मुलीनं सासरी नेण्यापुरतं भरतकाम स्वतः पुरं करायचं, असा दंडक होता. काम इतकं वेळखाऊ की पाठवणी वर्षानुवर्षं लांबायची. शेवटी १९९५मध्ये समाजाच्या पंचांनी स्वतःच्या वापरासाठीच्या भरतकामावरच बंदी घातली. बायकांनी मग तयार लेस आणि फिती मशीनवर जोडून नवीच सजावट काढली, आणि तिच्यातूनच पाबीबेन रबारी यांच्या पिशव्या पुढे देशोदेशी गेल्या. आईचं शिक्षण आणि मुलीचं वय यांत पंचांनी निवड केली. बरोबर की चूक, हे बाहेरच्या माणसानं ठरवू नये. विदर्भ-मराठवाड्यातल्या बंजारा तांड्यांवरही फेटिया म्हणजे घागरा आणि कांचळी म्हणजे चोळी यांवरचं आरशा-कवड्यांचं काम मायलेकींनी मिळूनच केलेलं असे. आता तो पेहराव रोजचा राहिला नाही, तीजेच्या सणाला आणि लग्नाला निघतो.

मराठी मध्यमवर्गात मात्र कापड विणणं किंवा भरणं हे आईकडे नव्हतं. ते साळी, कोष्टी, खत्री, मोमीन अशा विणकर समाजांकडे होतं. आईकडे होती ती पारख.

पैठणीचंच घ्या. गोदाकाठचं पैठण म्हणजे सातवाहनांचं प्रतिष्ठान. तिथल्या कापडाला पुढे पेशव्यांचा आणि निजामाचा आश्रय मिळाला. आज माग जास्त वाजतात ते नाशिक जिल्ह्यातल्या येवल्यात, आणि २०१० साली पैठणीला भौगोलिक मानांकन मिळालं. हातमागाच्या पैठणीच्या पदरावर जो मोर किंवा जी मुनिया दिसते, ती जकार्डच्या पत्त्यांनी उठत नाही. प्रत्येक रंगाच्या रेशमाची वेगळी कांडी असते. विणकर ताण्याचे धागे मोजतो, एका रंगाची कांडी ठरलेल्या धाग्यापर्यंत नेतो, तिथं शेजारच्या रंगाच्या धाग्यात अडकवून परत फिरवतो. मग दुसरी कांडी, मग तिसरी. एका ओळीत अशा कितीतरी कांड्या फिरतात, तेव्हा कुठं मोराच्या पिसाऱ्याची एक रेघ पुरी होते. भरगच्च पदर दिवसभरात काही बोटंच पुढं सरकतो. साध्या बुट्ट्यांच्या साडीला आठवडे, भारी कामाला महिने आणि कधी वर्षाहून अधिक लागतं. म्हणून आई दुकानात पदर उलटा करून बघायला सांगते. अस्सल विणीचा मोर मागूनही मोरच दिसतो, उलट्या बाजूला कापलेल्या धाग्यांची लव नसते. ‘सेमी पैठणी’ म्हणून यंत्रमागावरची साडी काही हजारांत मिळते, आणि हौसेनं ती घेण्यात काहीच गैर नाही. मात्र हातमागाच्या दरात ती कुणी गळ्यात मारत असेल, तर उलटी बाजू लगेच सांगते.

पैठणीभोवती मराठी मनात किती साठलेलं आहे, हे वेगळं सांगायला नको. शांता शेळके यांची ‘पैठणी’ ही आजीच्या पैठणीवरची कविता पिढ्यांनी वाचली. २००४मध्ये सुरू झालेल्या ‘होम मिनिस्टर’ या टीव्हीवरच्या कार्यक्रमानं ती साडी बक्षीस म्हणून घरोघरी नेली. ‘गोष्ट एका पैठणीची’ या सिनेमाला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. येवल्यातल्या विणकर घरांत कांड्या भरणं, रेशीम उकलणं ही बायकांची कामं पूर्वीपासूनच होती, आता कित्येक घरांत मायलेकी मागावरही बसतात. विकत घेणाऱ्या मायलेकींच्या मागे अशा विणणाऱ्या मायलेकी आहेत, हे पैठणी घेताना ध्यानात असलेलं बरं. घासाघीस करण्याआधी कांड्या मोजाव्यात.

पैठणी ठेवणीतली. दक्षिण महाराष्ट्रात, सोलापूर, सांगली, कोल्हापूरकडे आईच्या अंगाचा खरा वास ज्या कापडाला असतो ते म्हणजे इरकल. कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यातल्या इळकल गावचं हे लुगडं, अंग सुती आणि पदर रेशमाचा, लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा. अंगाचा ताणा आणि पदराचा ताणा वेगवेगळे असतात. सुती आणि रेशमी धाग्यांचे वेढे एकमेकांत अडकवून ते जोडतात. तिकडं या जोडणीला ‘टोपे-तेणी’ म्हणतात. त्यामुळे लांबच लांब ताणा लावून एकापाठोपाठ एक साड्या काढता येत नाहीत, दर साडीला नवी जोडणी करावी लागते. इतकी मेहनत असलेलं लुगडं शेतात भांगलणी करताना, भाकरी थापताना, बाजाराला जाताना रोज नेसलं जायचं, त्यावर गुळेदगुड्डच्या खणाची चोळी. काही इरकलींवर धारवाडकडची कसुती असते. तुळशीवृंदावन, पाळणा, हत्ती, गोपूर, सगळं धागे मोजून, कापडावर आधी न रेखता भरलेलं. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी कॉलेजातल्या मुलींना इरकल म्हणजे गावंढळ वाटायची. आज त्यांच्याच मुली आजीची इरकल मागून नेतात आणि खणाचे ब्लाउज हौसेनं शिवून घेतात. विदर्भातली टसरची करवतकाठी साडीही अशीच नातींच्या हाताला लागून पुन्हा बाहेर आली.

साडीचा मोठा गुण असा की तिला माप नसतं. आई अंगानं भरलेली, मुलगी किडकिडीत, आजी वाकलेली. तीच साडी तिघींना होते. ब्लाउजचं तसं नाही. शिंपी शिवणीच्या आत माया सोडतो, ती उसवून एखादी पिढी निभते, पुढं नवा शिवावा लागतो.

पण माप नसलेलं कापड नेसायला शिकावं लागतं, आणि ते शिकवणं आईचं. नऊवारी म्हणजे सव्वाआठ मीटरच्या आसपासचं कापड, खाली परकर नाही, पिन नाही. कमरेला गाठ घट्ट बसली पाहिजे, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं राहतं. मग निऱ्या घालायच्या, त्या सारख्या पडल्या पाहिजेत. निऱ्यांचा खालचा भाग दोन पायांतून मागं न्यायचा, काठ चापून धरायचा आणि कासोटा खोचायचा. इथंच नवशिकी फसते. कासोटा ढिला राहिला तर चालताना सुटेल अशी धास्ती, जास्त ओढला तर बसता येत नाही. आई मागे गुडघ्यावर बसते, दोन्ही पोटऱ्यांवरचे काठ एका उंचीवर आलेत का ते बघते आणि म्हणते, ‘आता मांडी घालून बस. आता ऊठ. आता चार जिने चढून ये.’ बसता-उठता आलं, जिना चढता आला, की नेसणं जमलं. ब्राह्मणी, कोळी, शेतकरी, तमाशातली लावणीची, प्रत्येकीची गाठ आणि उंची वेगळी. कोळीण गुडघ्याच्या जवळपास नेसते, कारण तिला पाण्याजवळ आणि टोपली घेऊन चालायचं असतं. गोव्यात कुणबी बाईची लाल चौकड्यांची साडी खांद्यावर गाठ मारून नेसतात, शेतात वाकताना पदर सांभाळत बसायला नको म्हणून. ही साडी जवळजवळ विसरली गेली होती. फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स यांनी ती पुन्हा विणून घेतली आणि फॅशनच्या मंचावर नेली. साडीच्या अभ्यासक रता कपूर चिश्ती यांनी देशभर फिरून साडी नेसण्याच्या १०८ पद्धती नोंदवल्या आहेत. यांतल्या बहुतेक पद्धती कुणीतरी आपल्या मुलीला आरशासमोर उभं करून शिकवल्या म्हणूनच नोंदवायला उरल्या.

नऊवारी रोजच्या वापरातून गेली ती एकाएकी नाही. विसाव्या शतकात मुली शाळा-कॉलेजात आणि मग नोकरीला जाऊ लागल्या, तशी त्यांनी गोल पातळ जवळ केलं. घरात आई लुगड्यात आणि मुलगी पाचवारी-सहावारीत, असं चित्र कित्येक वर्षं होतं. आयांनी नाकं मुरडली, काहींनी रागही धरला. पण त्याच आयांनी स्वतःची नऊवारी कापून लेकीला सहावारी काढून दिली आणि उरलेल्या तुकड्यात धाकटीचं पोलकं बसवलं. आता लेकींच्या लेकी पाडव्याच्या शोभायात्रेत बुलेटवर बसतात त्या बहुधा शिवलेल्या नऊवारीत. कमरेला नाडी किंवा इलास्टिक, पाच मिनिटांत अंगावर. न्यू जर्सी किंवा लंडनच्या महाराष्ट्र मंडळात गणपतीला मुलींना तयार करायचं असतं तेव्हा तीच आयांच्या मदतीला येते. तिला नावं ठेवण्याचं कारण नाही, तिच्यामुळे हजारो मुलींच्या अंगाला काष्टा लागला. फक्त तिच्यासाठी आजीची चांगली, सलग नऊवारी कापू नये, एवढं जरूर सांगावंसं वाटतं. बाजारात नवं कापड मिळतं. आणि एकदा कापलेली नऊवारी एकाच मापाची होते, पुढच्या मुलीला ती येईलच असं नाही.

कापावं की जपावं, हा मायलेकींमधला कायमचा वाद आहे, आणि दोघींची बाजू खरी असते. मुलीला आईच्या शालूचा अनारकली हवा असतो, आईच्या पोटात कात्रीच्या नुसत्या विचारानं गोळा येतो. यात एक कसोटी लावता येते. साडी हवेशीर जागी पसरून अंगाचं कापड दोन बोटांत हलकेच ताणावं. धागा सरकला, बारीक चिरीचा आवाज आला, तर तिचं अंग संपलं. ती आता नेसली तरी फाटेल. अशा साडीचे काठ-पदर सोडवून नव्या कापडावर बसवून देणारे कारागीर मोठ्या शहरांत आहेत, काठांचे ब्लाउज होतात, कुंच्या होतात. अंग धड असेल तर मात्र नेसावी, रफू करून नेसावी, मागून मलमलचं अस्तर देऊन नेसावी. पूर्वी खऱ्या जरीच्या साड्या जरीतल्या चांदीसाठी जाळल्या गेल्या, कितीतरी बोहारणीच्या पाटीत पडून त्यांच्या बदल्यात स्टीलचं पातेलं घरी आलं. त्या घरांची अडचण समजण्यासारखी होती. आज तशी अडचण नसलेल्या घरांनी तरी हे टाळावं.

ज्या लुगड्याचे काठही उरले नाहीत आणि पदरही, त्याची गोधडी. महाराष्ट्रभर बायकांनी गोधड्या शिवल्या. गीता खंडेलवाल यांनी त्या गावोगाव फिरून पाहिल्या आणि त्यांच्यावर इंग्रजीत पुस्तक केलं. आत जुनी धोतरं, फाटके सदरे असे थर, वर-खाली धुवट लुगडी. साधा धावदोरा, कडेनं सुरू करून आत आत जाणारा, ओळीला ओळ लावून. एकटी बसली तर दिवसच्या दिवस जातात, म्हणून दुपारच्या वेळी दोघी-तिघी गोधडीच्या चारी बाजूंनी बसतात, लहान मुलीला सुई ओवायला बसवतात, आणि हळूहळू तिलाही एक कोपरा मिळतो. तिचे टाके लांब पडतात. ते कुणी उसवत नाही.

हे सगळं आईकडून मुलीकडे जातं असं म्हटलं, तरी गेल्या तीसेक वर्षांत उलटा प्रवाहही जोरात आहे. मुलीच्या पहिल्या पगाराची आईला साडी, ही आता मराठी घरांतली नवी रीतच झाली आहे. आई ती नेसून शेजारणीला आवर्जून सांगते की लेकीनं घेतली. आणि पंजाबी ड्रेस तर मराठी आयांच्या अंगावर मुलींनीच चढवला. ‘या वयात?’, ‘लोक काय म्हणतील?’, ‘तुझ्या आजीला चालायचं नाही’ असं म्हणत पन्नाशीच्या बायकांनी वर्षानुवर्षं टाळलं. मग गुडघे दुखायला लागले, डॉक्टरांनी चालायला सांगितलं, बसच्या पायऱ्या उंच वाटू लागल्या. मुलीनं एके दिवशी कुर्ता आणून ठेवला, आधी घरात, मग सकाळच्या फिरण्यापुरता, मग भाजी आणायला. बदलीच्या गावी, जिथं कुणी ओळखत नाही तिथं, कित्येकींनी पहिल्यांदा तो घालून बघितला. आजही काही घरांत सुनेला चालतं ते सासूला चालत नाही आणि मुलीला चालतं ते सुनेला चालत नाही. त्यावरून कुरबुरी होतात. पण एकदा सवय झाली की आईच मुलीला बजावते, ‘पुढच्या वेळी खिसा असलेला आण, मोबाइल ठेवायला.’

पुण्याच्या लक्ष्मी रोडवर नाहीतर दादरला सुट्टीच्या दिवशी गेलं तर असं दृश्य हमखास दिसतं. मुलीला रोज ऑफिसला घालायला इरकलचे कुर्ते शिवायचे असतात आणि आईला खणाचा काठ लावलेला, जरा सैल, बाह्या कोपराच्या खाली येतील असा ड्रेस. मुलगी मोबाइलवर गळ्याचे नमुने दाखवते. आई कापडाचा कोपरा ओला करून चोळून रंग जातो का ते बघते, सुती की टेरिकॉटची भेसळ ते विचारते, काठ आडवा लावायचा की उभा यावर दुकानदाराशी वाद घालते. कापड आटेल म्हणून अर्धा मीटर जास्त घ्यायला लावते. मग दोघी शिंप्याकडे जातात आणि मापं एकदमच देतात, आईच्या ड्रेसला उजव्या बाजूला खोल खिसा लिहून घ्यायला सांगून.